अनुभव धागा : विजेतेपद शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपते तेव्हा

मंडळी, येत्या रविवारी, ७ डिसेंबर २०२५ रोजी, अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर फॉर्म्युला वनच्या यंदाच्या मोसमातील शेवटची शर्यत आहे आणि जगज्जेता अजून ठरलेला नाही. लॅन्डो नॉरिस ४०८ गुणांवर, मॅक्स व्हर्स्टॅपन ३९६ गुणांवर आणि ऑस्कर पियास्त्री ३९२ गुणांवर आहे. शिवाय तिघांच्याही खात्यावर या मोसमात प्रत्येकी सात विजय जमा आहेत. नॉरिस पहिल्या तिघांत आला, तर बाकीच्या दोघांनी काहीही केले तरी विजेतेपद त्याचेच. मात्र तो चौथा आला (१२ गुण) आणि व्हर्स्टॅपन जिंकला (२५ गुण), तर ४२१ विरुद्ध ४२० असा एका गुणाने निकाल फिरतो. पियास्त्रीला स्वतः जिंकूनही नॉरिस सहावा किंवा त्याच्याही मागे पडावा लागेल. दोनापेक्षा अधिक चालक शेवटच्या शर्यतीपर्यंत विजेतेपदाच्या स्पर्धेत टिकून राहिले, असे २०१० नंतर प्रथमच घडते आहे.

या निमित्ताने आपले अनुभव मागवत आहे. अट मात्र एकच. लिहायचे ते शर्यत सुरू होण्यापूर्वीचे. जुन्या निर्णायक शर्यतींचे निकाल सर्वांना पाठ आहेत आणि त्यांची क्षणचित्रे हवी तेव्हा पाहता येतात. पण पाच लाल दिवे विझण्यापूर्वी आपण काय गृहीत धरून बसलो होतो, कशाला घाबरलो होतो आणि घरच्यांचे किंवा वसतिगृहाचे वेळापत्रक कसे सांभाळले होते, हे कोठेच नोंदलेले नसते. निकाल कळल्यावर आपण स्वतःही ते विसरतो आणि ‘मला आधीच वाटत होते’ असे सांगू लागतो.

पुणे

माझी आठवण २ नोव्हेंबर २००८ ची आहे. दिवाळीची सुट्टी संपवून वसतिगृहात परतलेली मुले सामाईक खोलीत बसली होती, पण त्या दिवशी दिल्लीच्या कसोटीत अनिल कुंबळेने निवृत्ती जाहीर केली होती आणि दूरचित्रवाणी संचासमोरच्या प्रत्येक खुर्चीत तीच चर्चा चालू होती. साओ पावलोमधील शर्यत आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू व्हायची होती. त्यामुळे कुंबळेच्या दहा बळींची चित्रफीत कितव्यांदा तरी दाखवून होईपर्यंत वाहिनी बदलण्याचा विषय काढणे शक्य नव्हते.

लुईस हॅमिल्टनचे ९४ आणि फिलिपे मासाचे ८७ गुण होते. तेव्हा पहिल्याला दहा गुण मिळत आणि पाचव्याला चार, म्हणून मासा जिंकला तरी हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. सहावा आला असता तर दोघेही ९७ वर आले असते आणि सहा विजयांच्या जोरावर विजेतेपद मासाकडे गेले असते. हा हिशेब एका वहीच्या मागच्या पानावर मांडून मी तो शेजारच्या मुलांना समजावत होतो. ज्यांना या खेळात काडीचाही रस नव्हता, तेही ‘पाचवा की सहावा’ एवढ्या प्रश्नात गुंतत गेले, आणि शर्यत सुरू होण्याआधीच खोलीत दोन तट पडले होते. मासाच्या बाजूने जमलेल्यांचा युक्तिवाद साधा होता: माणूस आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर पहिल्या स्थानावरून सुटतो आहे, त्याला द्या.

मी हॅमिल्टनच्या बाजूचा होतो आणि मला धास्ती होती ती आदल्या वर्षीची. २००७ मध्ये दोन शर्यती उरल्या असताना त्याच्याकडे किमी रायकोनेनवर सतरा गुणांची आघाडी होती. चीनमध्ये पिट लेनच्या (टायर बदलायला आत येण्याच्या रस्त्याच्या) तोंडाशी त्याची गाडी खडीत रुतली आणि ब्राझीलमध्ये किमी रायकोनेनने एका गुणाने विजेतेपद नेले. त्यामुळे सात गुणांच्या आघाडीने मला कणभरही धीर येत नव्हता. त्यातच सुटण्याच्या काही मिनिटे आधी साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटवर पावसाची सर आली आणि प्रारंभ दहा मिनिटे लांबला. मेकॅनिक धावपळीने टायर बदलत होते, आणि आमच्याकडे कोणीतरी दिवे घालवण्याची वेळ झाल्याचे सांगायला येऊन, पडद्यावरचा पाऊस पाहून, तसाच उभा राहिला.

सांगली

माझे वय आता सत्तरीकडे झुकले आहे, त्यामुळे आठवणही तेवढीच जुनी आहे. २६ ऑक्टोबर १९९७, स्पेनमधील हेरेझ. दिवाळी तोंडावर आली होती आणि घरात चकल्यांचा घाणा चालू होता. संध्याकाळी केबल बंद पडू नये म्हणून मी दुपारीच केबलवाल्याकडे चक्कर मारून आलो होतो.

मायकेल शूमाकरचे ७८ गुण आणि जॅक व्हिलनव्हचे ७७. शनिवारच्या पात्रता फेरीत जे घडले, ते आजही कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन या तिघांनीही १ मिनिट २१.०७२ सेकंद हीच वेळ नोंदवली, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तंतोतंत. मग ज्याने ती वेळ आधी नोंदवली तो पुढे, या नियमाने क्रम लावावा लागला. मी बायकोला हे सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर तिने सोऱ्यावरून नजर न काढता विचारले की तिघांना सारखीच वेळ लागत असेल, तर उद्या पळायचे कशाला?

पण माझ्या मनात वेगळेच घोळत होते. १९९४ मध्ये ॲडलेडला शूमाकर आणि डेमन हिल असेच एका गुणाच्या अंतरावर होते, आणि दोघांच्या गाड्या आदळून दोघेही बाहेर पडल्यामुळे विजेतेपद शूमाकरला मिळाले होते. दोघेही बाद झाले तर आघाडीवर असणाऱ्याचा फायदा, हे गणित आता पुन्हा त्याच माणसाच्या हातात होते. आघाडी अवघी एका गुणाची असली की सभ्यपणाची परीक्षा होते, असे माझे तेव्हा मत बनले आणि ते बदलण्याचे कारण त्या संध्याकाळने मला दिले नाही. धाग्याच्या अटीमुळे पुढचे लिहीत नाही.

दुबई

सांगलीच्या काकांनी जे लिहिले, तीच धास्ती २०२१ मध्ये आम्हाला आठवडाभर होती. व्हर्स्टॅपन आणि हॅमिल्टन दोघेही नेमक्या ३६९.५ गुणांवर होते. तो अर्धा गुण बेल्जियममधील स्पाच्या पावसातला. तेथे सेफ्टी कारच्या (धोका असताना सर्वांना आपल्यामागे संथ ठेवणाऱ्या गाडीच्या) मागून काही फेऱ्या काढून शर्यत संपवली होती आणि अर्धेच गुण वाटले होते. आघाडीवरचे दोघे समान गुणांवर शेवटच्या शर्यतीला येण्याचा असा प्रसंग त्याआधी केवळ १९७४ मध्ये, फिटिपाल्डी आणि रेगाझोनी यांच्याबाबतीत आला होता. नऊ विरुद्ध आठ विजयांमुळे व्हर्स्टॅपन वरच्या ओळीत होता, म्हणजे दोघेही बाद झाले तर तोच जगज्जेता. जेद्दाहमध्ये आठवडाभरापूर्वीच दोघांची टक्कर झाली होती, त्यामुळे मुद्दाम धडक दिल्यास गुणही कापले जाऊ शकतात, याची लेखी आठवण शर्यत संचालकांनी सर्वांना करून दिली. आमच्या कार्यालयात त्या पत्रकाची छायाचित्रे सकाळपासून फिरत होती.

आमची खरी अडचण मात्र वेगळीच होती. तेव्हा अमिरातीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असे आणि रविवार हा कामाचा पहिला दिवस. शनिवार-रविवार सुट्टी नव्या वर्षापासून होणार, ही घोषणा नेमकी त्याच आठवड्यात, ७ डिसेंबरला झाली. म्हणजे आमच्या पदरी जी निर्णायक शर्यत आली, ती बहुधा कामाच्या रविवारी येणारी अखेरचीच. विभागातील अर्ध्या लोकांनी रजेचे अर्ज टाकले होते आणि ते मंजूर करणाऱ्या गृहस्थांकडे स्वतःचेच तिकीट होते, त्यामुळे निर्णयाला फार वेळ लागला नाही.

लसीकरणाचा पुरावा आणि पीसीआर चाचणीचा अहवाल भ्रमणध्वनीवर तयार ठेवून आम्ही दुपारीच निघालो. यास बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्हर्स्टॅपनच्या बाजूने नारिंगी टोप्या घातलेल्यांच्या गाड्या आणि हॅमिल्टनचा ४४ हा आकडा लावलेल्या गाड्या शेजारी शेजारी रांगेत उभ्या होत्या. त्या वर्षी सर्किटही बदलले होते. हेअरपिनच्या (जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणाच्या) आधीची नागमोडी वळणे काढून टाकली होती, हेअरपिन रुंद केले होते आणि बाहेरची कड उंच असलेले एक लांब वळण बांधले होते. येथे ओव्हरटेकिंग होत नाही, ही दहा वर्षांची तक्रार आता खोटी ठरेल की नाही, यावर आमच्या रांगेतील सगळे तावातावाने बोलत होते. व्हर्स्टॅपन मऊ टायरवर आणि हॅमिल्टन मध्यम टायरवर सुटणार होता. माझ्या शेजारी बसलेले डच आजोबा शांतपणे म्हणाले की मऊ टायरचे आयुष्य संपण्याआधी सेफ्टी कार आली, तर बरे होईल.

मिल्टन कीन्स

त्याच आठवड्यात आम्ही इकडे इंग्लंडमध्ये होतो. व्हर्स्टॅपनच्या रेड बुल संघाचा कारखाना आमच्या गावात, हॅमिल्टनच्या मर्सिडीझचा ब्रॅकलीला, आणि दोहोंच्या मध्ये सिल्व्हरस्टोनचे सर्किट. माझ्या मुलाच्या वर्गात दोन्ही कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले होती. शर्यतीच्या आधी दोन दिवस जाहीर झाले की ही शर्यत सशुल्क वाहिनीबरोबर चॅनल फोरवरही विनामूल्य दिसणार आहे. एरवी निकाल दुसऱ्या दिवशी कळणाऱ्या घरांतही रविवारी दुपारी एकच्या आत जेवणे उरकण्याचे बेत ठरले. आम्ही महाराष्ट्र मंडळातील चार कुटुंबे एकत्र जमलो आणि पिठले-भात हा बेत केवळ लवकर होतो म्हणून निवडला.

पुणे, दुसरे सभासद

२७ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. मोठ्या पडद्यावर शर्यत दाखवणाऱ्या एका कॅफेत आम्ही जागा धरून बसलो होतो आणि प्रत्येकाकडे दोन हजारांची एकेक नवी नोट होती, जी मोडून द्यायला मालक तयार नव्हता. निको रॉसबर्ग ३६७, हॅमिल्टन ३५५. अंतर बारा गुणांचे, आणि रॉसबर्गला तिसरा क्रमांक पुरेसा. आजच्या नॉरिसची व्हर्स्टॅपनवरील आघाडी आणि त्याची गरज अगदी तीच आहे, हे या धाग्याच्या निमित्ताने ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले. हॅमिल्टन पुढे राहून मुद्दाम संथ चालवेल आणि मागच्यांना रॉसबर्गच्या अंगावर आणेल, हे भाकीत शर्यतीआधीच सगळे करत होते. नॉरिसने ते तास आठवून पाहावेत. व्हर्स्टॅपन पुढे असला तर तोही हेच करू शकेल.

कोल्हापूर

मी गाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे माझी वाट पाहण्याची रीत थोडी निराळी आहे. सगळे गुणांचे हिशेब करतात. माझे लक्ष गाडीच्या पोटाखालच्या फळीवर असते. ही फळी नवी असताना दहा मिलिमीटर जाड असते आणि शर्यतीनंतर ती नऊ मिलिमीटरच्या खाली झिजलेली आढळली, तर गाडी बाद होते. लास वेगासमध्ये मॅक्लॅरेनच्या दोन्ही गाड्या याच कारणाने बाद झाल्या, नॉरिसचा दुसरा क्रमांक आणि पियास्त्रीचा चौथा क्रमांक गेला, आणि ऑगस्टअखेर नेदरलँड्समधील झांडव्हॉर्टच्या शर्यतीनंतर पियास्त्रीच्या १०४ गुणांनी मागे असलेला व्हर्स्टॅपन एकदम आवाक्यात आला.

गाडी जमिनीच्या जितकी जवळ, तितकी तळातून जाणारी हवा तिला रस्त्याला चिकटवते आणि वळणात वेग मिळतो. ती एखाद-दोन मिलिमीटर उचलली तर फळी वाचते, पण वेळ जातो. यास मरीनाचा रस्ता वेगासपेक्षा गुळगुळीत आहे, हे मॅक्लॅरेनच्या पथ्यावर पडेल. तरीही एकदा दोन्ही गाड्या घालवलेला अभियंता रविवारी सुरक्षित अंतर ठेवील, असा माझा अंदाज आहे. नॉरिसला जिंकायचे नसून तिसरे यायचे आहे, म्हणून त्याची गाडी पियास्त्रीपेक्षा किंचित उंच ठेवली जाईल का, हा मला सर्वांत रोचक वाटणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याला कोणी सांगणार नाही. शुक्रवारच्या सरावात मुख्य सरळ रस्त्यावर कोणाच्या गाडीखालून किती ठिणग्या उडतात, ते मी पाहणार आहे.

नाशिक

आमच्या घरी पियास्त्रीची बाजू माझी मुलगी लढवते. ती दहावीत आहे, आणि गेल्या रविवारी कतारमध्ये सातव्या फेरीला सेफ्टी कार आलेली असताना मॅक्लॅरेनने दोघांनाही पिटमध्ये बोलावले नाही, याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही. पियास्त्री तेथे जिंकला असता तर आजचे अंतर वेगळे दिसले असते, असे ती आकडे मांडून दाखवते. आता तिला भीती आहे ती संघाच्या आदेशाची. दोघांनाही समान वागणूक देण्याचे धोरण मॅक्लॅरेनने वर्षभर मिरवले आहे. पण शेवटच्या दहा फेऱ्यांत नॉरिस चौथा आणि पियास्त्री तिसरा असेल आणि व्हर्स्टॅपन पुढे निघून गेलेला असेल, तर रेडिओवरून काय सांगितले जाईल? माझे म्हणणे असे की तेव्हा पियास्त्रीची संधी संपलेली असेल आणि त्याने जागा द्यावी. तिचे म्हणणे असे की पुढची गाडी शेवटच्या फेरीत बंद पडू शकते, तोवर कोणाचीच संधी संपलेली नसते. २००८ चा अनुभव वाचून दाखवल्यापासून तिच्या बाजूला आणखी एक पुरावा मिळाला आहे, कारण तेव्हाचा निकाल शेवटच्या फेरीतच फिरला होता.

रविवारी संध्याकाळी आमच्या नात्यात लग्नाचा स्वागतसमारंभ आहे आणि शर्यत आपल्याकडे साडेसहाला सुटते. ५८ फेऱ्या, म्हणजे काही विघ्न न आल्यास सुमारे दीड तास. आणि सेफ्टी कार आली तर त्याहून अधिक. आम्ही साडेआठच्या आधी पोहोचू शकत नाही, असे मी वधूच्या आईला कळवले आहे. कारण विचारल्यावर मुलीची परीक्षा असल्याचे सांगितले, आणि तिने लगेच कोणत्या विषयाची म्हणून विचारले.