दुसरी बेट जात नाही, कारण 'स्टेटस'चा सेल भरलेला आहे

एक्सेल शीटमधला फॉर्म्युला खरा ठरला की पहिली 'बॅक' बेट (जिंकेल यावर लावलेली पैज) जाते, मग मात्र त्या ओळीतून काहीच जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. फॉर्म्युला बरोबर असावा. बेट एंजल घ्या किंवा ग्रस (एक्सेलमधून बेटफेअर या बेटिंग एक्स्चेंजवर बेट लावणारी सॉफ्टवेअर), बेट गेली की एक्सेलमध्ये तिची नोंद पडते आणि ती पुसेपर्यंत तिथून नवी बेट निघत नाही. ही सोय फार मोलाची आहे, नाहीतर दर रिफ्रेशला एकेक बेट लागत गेली असती. त्यामुळे नोंद पुसणारा मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्राम) लिहिताना आधीची बेट खरंच मॅच झाली का, म्हणजे समोरून कोणी ती घेतली का, ते तपासाच.

फुटबॉलमध्ये आणखी एक बाब. गोल झाला की बेटफेअर मार्केट सस्पेंड करतं (तात्पुरतं थांबवतं) आणि मॅच न झालेल्या बेट रद्द होतात. मार्केट पुन्हा उघडतं तेव्हा भाव पार बदललेले असतात, पण तुमची अट जुन्याच गृहीतकावर उभी असते. म्हणून ट्रिगरच्या (बेट लावणाऱ्या फॉर्म्युल्याच्या) अटीत 'सस्पेंडेड नाही' हे हवंच.

उलट 'ले' बेट (हरेल यावरची पैज) लावून बाहेर पडायचं गणित सोपं आहे: बॅकची रक्कम गुणिले बॅकचा भाव, भागिले लेचा भाव. 2.10 ला 100 बॅक केले आणि भाव 1.75 वर आला, तर 120 ले करा. निकाल काहीही लागो, कमिशनआधी 20 सुटतात. भाव फॉर्म्युल्यातून काढत असाल तर राउंडिंग सांभाळा. 2 ते 3 दरम्यान पायरी 0.02 ची असते, 2.11 हा भाव चालत नाही.

आधी प्रॅक्टिस मोडमध्ये चालवून बघा.