केसपेपरवरचं नाव खोडलं की भागलं का?

डिचोलीकर:
दर महिन्याला आईला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातो. वय 78, मधुमेह, रक्तदाब, किडनीही थकलेली. नव्या औषधाच्या चाचणीत अशा माणसाला बहुतेक वेळा घेतच नाहीत. मग ते औषध तिला सोसेल का, हे तिच्यासारख्या हजारोंच्या नोंदी पाहिल्याशिवाय कसं कळणार? 2020 मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. रुग्णांचं पुढे काय झालं हे तिथे सरकारी नोंदींतूनही तपासता आलं, म्हणून उत्तर लवकर मिळालं. माझं मत : नावं खोडा आणि नोंदी संशोधकांना द्या.

सत्तरीची सून:
दादा, आमच्या वाड्यावर पंधरा घरं. 'स्त्री, 34, सत्तरी तालुका, टीबी' एवढं वाचलं तरी अख्खा वाडा बोट दाखवील. माझी नणंद औषधं घेऊन ठणठणीत बरी झाली, पण तिच्या रिपोर्टची गोष्ट आधीच बाजारात पोचली होती. ठरलेलं लग्न मोडलं. आणि हे काही खेड्यापुरतं नाही. अमेरिकेत 1997 साली लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची 'निनावी' फाइल शोधून काढली होती.

डिचोलीकर:
ताई, नणंदेचं वाचून वाईट वाटलं. जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवा, तालुका गाळा. शिवाय नोंदी कुणाच्या हातात द्यायलाच हव्यात असं नाही. ब्रिटनच्या 'ओपनसेफली' या व्यवस्थेत संशोधक आपला प्रोग्राम पाठवतो, तो नोंदी असतात तिथेच चालतो आणि बाहेर येतात फक्त एकत्रित आकडे.

फोंड्याची नर्स:
दोघांनाही सांगते, आधी नोंद खरी हवी. ओपीडीत रांग दारापर्यंत गेली की 'शुगर' एवढंच लिहून पुढचा पेशंट बोलावतात. गोळी बदलली ते कागदावर येतच नाही. कोविडच्या वेळी 'सर्जिस्फिअर' कंपनीच्या आकड्यांवर लिहिलेला लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला 2020 मध्ये मागे घ्यावा लागला, कारण मूळ नोंदी कुणाला तपासूच दिल्या नाहीत.

सत्तरीची सून:
तेच म्हणते मी, तपासणारा कोण? आपल्या देशाच्या 2023च्या डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला काही अटींवर सूट आहे, म्हणजे दर वेळी मला विचारतीलच असं नाही. दादा, तुमची ती ब्रिटनची पद्धत आणा, माझी हरकत नाही. पण केसपेपर काढतानाच मराठीत, कोकणीत विचारा : नोंद वापरू का? माझी नणंद हो म्हणाली असती. तिला कुणी विचारलंच नाही.