सल्ला हवा: लिनक्स ब्लॉक ड्रायव्हरमध्ये स्टोरेज कमांडसाठी डेटा टाइप कसे ठरवावेत?

सिंहगडरोड (धागाकर्ता)

लिनक्स ६.६ वर एका पीसीआय एक्स्प्रेस कार्डाचा ब्लॉक ड्रायव्हर लिहितोय. कार्डावर एफपीजीए (आतलं सर्किट नव्याने रचता येणारी चिप) आहे. रजिस्टरं वेगळी असल्यामुळे कर्नलमधला एनव्हीएमई (एसएसडीसाठीचं कमांड-मानक) ड्रायव्हर जसाच्या तसा चालत नाही, पण कमांडचा आराखडा एनव्हीएमईचाच आहे: ६४ बाइटांची कमांड, १६ बाइटांचं कम्प्लीशन (कमांड पूर्ण झाल्याची कार्डाची नोंद), ती नोंद नवी की जुनी हे सांगणारा फेज बिट, पीआरपी (डेटाच्या मेमरी-पानांचे पत्ते). आयओ क्यू चार, प्रत्येकी २५६ जागा. काम एक्स८६ वर चालू आहे, कार्ड लागणार एआरएम६४ बोर्डात.

सध्या एका कमांडला एकच मोठं स्ट्रक्ट आहे. कार्डाला जाणारे ६४ बाइट, रिक्वेस्टचा पॉइंटर, डीएमए पत्ते (ज्यांवर कार्ड थेट मेमरीत वाचतं-लिहितं), स्थितीचा एनम, लिस्ट हेड, सगळं त्यातच. दर आयओला (वाचण्या-लिहिण्याच्या मागणीला) ते केमॅलॉकने (कर्नलचं मेमरी मागण्याचं फंक्शन) घेतलं जातं. ऑपकोडच्या शेजारच्या बिटांना बिटफील्ड आहेत आणि स्ट्रक्टला पॅक्ड (फील्डांमध्ये मोकळी जागा सोडू नको, ही कंपायलरला सूचना) लावलं आहे.

दोन लक्षणं दिसतात. एक, ५१२ बाइटांच्या ब्लॉकवर सगळं ठीक, पण कार्ड ४०९६ वर नेलं की डिस्कच्या साधारण पहिल्या एक-अष्टमांश भागात लिहिणं-वाचणं होतं आणि त्यापुढे स्टेटस हेक्स ८० येतो. दोन, एआरएम६४ वर ताण वाढला की आधीच पूर्ण झालेल्या टॅगचं (चालू रिक्वेस्टला दिलेल्या क्रमांकाचं) कम्प्लीशन पुन्हा आल्यासारखं दिसतं आणि दुसरीच एखादी कमांड ३० सेकंदांनी टाइमआउट होते. एक्स८६ वर हे कधीच होत नाही.

टाइप मुळापासून बदलायची तयारी आहे. कसे बदलावेत?

ध्रुवमत्स्य

पहिलं काम म्हणजे ते मोठं स्ट्रक्ट फोडा. कार्ड जे वाचतं ते एक, ड्रायव्हरने लक्षात ठेवायचं ते दुसरं, आणि ब्लॉक लेयरने (डिस्कच्या मागण्या हाताळणाऱ्या कर्नलच्या थराने) दिलेलं तिसरं. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, म्हणून टाइपही वेगळे हवेत. प्रत्येक रूपांतर एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये दिसलं पाहिजे.

कार्ड वाचतं त्या स्ट्रक्टमध्ये इंट, लाँग, एनम, बूल किंवा पॉइंटर नको. लांबी ठरलेले, एंडियन (बाइटांचा क्रम) सांगणारे लिटल-एंडियन प्रकारच हवेत: एलई१६, एलई३२, एलई६४ (कर्नलमध्ये नावाआधी दोन अंडरस्कोर). रीड-राइट कमांडची मांडणी अशी:

बाइट ०: ऑपकोड, यू८ (फ्लश ००, राइट ०१, रीड ०२)
बाइट १: फ्लॅग्ज, यू८
बाइट २: कमांड आयडी, यू१६
बाइट ४: नेमस्पेस आयडी, एलई३२
बाइट ८: दोन एलई३२, राखीव धरा
बाइट १६: मेटाडेटा पत्ता, एलई६४
बाइट २४: पीआरपी १, एलई६४
बाइट ३२: पीआरपी २, एलई६४
बाइट ४०: सुरुवातीचा एलबीए (डिस्कवरच्या ब्लॉकचा क्रमांक), एलई६४
बाइट ४८: ब्लॉकची संख्या, एलई१६
बाइट ५०: कंट्रोल, एलई१६
बाइट ५२ ते ६३: उरलेले तीन शब्द

कमांड आयडी मुद्दाम साधा यू१६ ठेवलाय. कार्ड त्याचा अर्थ लावत नाही. दिलेले दोन बाइट कम्प्लीशनमध्ये जसेच्या तसे परत करतं. कर्नलचा एनव्हीएमई ड्रायव्हरही तसंच करतो. बाकी प्रत्येक बहुबाइटी फील्डला सीपीयू-टू-एलई मधून जाऊ द्या.

एक्स८६ आणि एआरएम६४ दोन्ही लिटल-एंडियनच चालतात, मग खटाटोप कशाला, असं वाटेल. पण हे प्रकार बिटवाइज म्हणून खूण केलेले असतात, त्यामुळे स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) त्यांच्यातली सरमिसळ लगेच पकडतो. सी=२ देऊन मेक चालवा. सेक्टर चुकून सरळ एलबीएच्या फील्डमध्ये घातला तर इशारा येतो, आणि तुमचं पहिलं लक्षण बहुधा तिथलंच आहे.

कऱ्हाकाठ

बिटफील्ड आणि पॅक्डबद्दल.

बिटफील्डमध्ये कोणता बिट आधी येणार हे सी भाषा ठरवत नाही, कंपायलर आणि एबीआय ठरवतात. हार्डवेअरच्या आराखड्यासाठी ते वापरू नयेत. फ्यूज (दोन कमांड जोडण्याची खूण) हे कमांडच्या पहिल्या शब्दाचे बिट ८-९ आणि पीएसडीटी (डेटाचे पत्ते कोणत्या पद्धतीने दिलेत ते) १४-१५, म्हणजे फ्लॅग्जच्या बाइटमध्ये ०-१ आणि ६-७. जेनमास्कने मुखवटा करा आणि फील्ड_प्रेपने भरा.

पॅक्ड काढून टाका. वरच्या मांडणीत प्रत्येक फील्ड आपापल्या नैसर्गिक सीमेवरच बसतं (एलई६४ सगळे १६, २४, ३२, ४० वर), त्यामुळे कंपायलर मध्ये काहीच भरत नाही. पॅक्ड लावलं की कंपायलर स्ट्रक्टची अलाइनमेंट १ धरतो, आणि ज्या प्रोसेसरवर बेशिस्त पत्त्यावरून वाचणं चालत नाही तिथे एकेक बाइट उचलणारा कोड तयार होतो. त्याऐवजी स्टॅटिक_असर्टने आकार ६४ आणि १६ आहेत हे बांधून टाका. एलबीएचा ऑफसेट ४० आहे, हेही. नंतर कुणी मध्ये फील्ड घुसवलं तर बिल्डच मोडेल. डोळ्यांनी पाहायचं असेल तर पाहोल चालवा, भोकं कुठे आहेत ते ऑफसेटसकट दिसतं.

ध्रुवमत्स्य

आता ड्रायव्हरने लक्षात ठेवायचा भाग. दर आयओला केमॅलॉक नको, आणि कारण फक्त वेगाचं नाही. मेमरी संपत आली की कर्नल डर्टी पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. ते लिहिणं तुमच्याच ड्रायव्हरमधून जाणार आणि तिथे ड्रायव्हर पुन्हा मेमरी मागणार. अशा वेळी सगळं अडकून बसू शकतं.

बीएलके-एमक्यूमध्ये (ब्लॉक लेयरच्या अनेक क्यूंच्या व्यवस्थेत) याची सोय आहे. टॅग सेटच्या सीएमडी_साइझमध्ये तुमच्या खासगी स्ट्रक्टचा आकार द्या. प्रत्येक रिक्वेस्टच्या मागे तेवढी जागा सुरुवातीलाच राखली जाते आणि बीएलके_एमक्यू_आरक्यू_टू_पीडीयू() तिचा, म्हणजे पीडीयूचा, पॉइंटर देतं. तिथे ठेवा: ६४ बाइटांच्या कमांडची प्रत, डीएमए_अॅड्र_टी प्रकारचे पत्ते, स्कॅटरलिस्ट (मेमरीत विखुरलेल्या तुकड्यांची यादी), नोंदींची संख्या, परत आलेला स्टेटस (यू१६) आणि पिढीचा आकडा (यू८). रिक्वेस्टचा पॉइंटर साठवायची गरज नाही, पीडीयूवरून तो काढता येतो. लिस्ट हेड आणि तुमचा स्थितीचा एनमही बहुतेक जाईल, कारण कोणती रिक्वेस्ट चालू आहे हे ब्लॉक लेयरला माहीत असतं.

कमांड पीडीयूमध्ये पूर्ण बांधा, मग सबमिशन क्यूचं लॉक घेऊन एकदाच मेमकॉपी करा. क्यूच्या मेमरीत थेट फील्ड भरत बसू नका. काही एआरएम बोर्डांवर ती अनकॅश्ड, म्हणून संथ असते.

टॅग सेटची क्यू_डेप्थ २५६ नको, २५५ द्या. रिंगमध्ये हेड आणि टेल सारखे असले की ती रिकामी मानली जाते, म्हणून २५६ जागांच्या रिंगमध्ये एका वेळी २५५ कमांडच मावतात. २५५ दिल्यावर टॅग मिळाला म्हणजे जागा आहेच, आणि क्यू भरली का हे तपासणारा कोडच लागत नाही.

कमांड आयडीत आरक्यूचा टॅग घाला, इंटर्नल टॅग नाही. आयओ शेड्युलर (रिक्वेस्टचा क्रम ठरवणारा भाग) लावलेला असला की ते दोन वेगळे असतात. टॅग एका हार्डवेअर क्यूपुरताच एकमेव असतो, म्हणजे टॅग १७ चारही क्यूंमध्ये एकाच वेळी जिवंत असू शकतो. कम्प्लीशन ज्या क्यूवर आलं त्याच क्यूच्या टॅग टेबलात रिक्वेस्ट शोधा.

भीमथडी

दुसऱ्या लक्षणाचं निदान धागाकर्त्याच्या वर्णनातच आहे. एक्स८६ वर होत नाही आणि एआरएमवर ताणाखाली होतं, म्हणजे मेमरी ऑर्डरिंग (प्रोसेसरने वाचण्या-लिहिण्याचा क्रम बदलणं).

कम्प्लीशनच्या शेवटच्या १६ बिटांत सर्वांत खालचा बिट फेजचा, वरचे १५ स्टेटसचे. फेज अपेक्षेप्रमाणे उलटला की नोंद नवी. पण कोडमध्ये फेज आधी आणि कमांड आयडी नंतर वाचला असला, तरी एआरएमचा प्रोसेसर कमांड आयडी आधीच उचलून ठेवू शकतो. मग फेज नवा आणि आयडी मागच्या फेरीतला, असं मिश्रण हाती येतं. जुना टॅग पुन्हा पूर्ण केला जातो आणि खरी कमांड तशीच राहून टाइमआउट होते.

उपाय: फेज रीड_वन्स() ने वाचा, जुळला तर लगेच डीएमए_आरएमबी() (वाचण्याचा क्रम पाळायला लावणारा अडसर), आणि त्यानंतरच बाकी फील्डं. डोअरबेलला (क्यूत नवी कमांड आल्याचं कार्डाला कळवणाऱ्या रजिस्टरला) राइटएल() वापरा. आधीची क्यूमधली लिखाणं कार्डाला डोअरबेलआधी दिसतील याची हमी त्यात आहे. राइटएल_रिलॅक्स्ड() मध्ये ती नाही.

सोबत एक सावधगिरी. क्यू २५६ ची आहे म्हणून कम्प्लीशन हेडला यू८ पुरेल असं वाटतं, पण ठेवू नका. २५५ नंतर तो आपोआप ० होतो, "हेड २५६ झाला का" ही तुलना कधीच खरी ठरत नाही, आणि अपेक्षित फेज उलटवायचा राहून जातो. लगेच मागच्या फेरीच्या नोंदी नव्या म्हणून वाचल्या जातात. यू१६ ठेवा. क्यू ६५५३६ पर्यंत वाढण्याची शक्यता असेल तर पुढचा हेड यू३२ मध्ये काढून मग तुलना करा.

सिंहगडरोड

खूप मोलाचं आहे हे. डीएमए_आरएमबी() खरंच नव्हता. घातल्यावर एआरएमवर दुसरं लक्षण दिसत नाहीये. कम्प्लीशन हेडही यू१६ आहे याची खात्री केली. ध्रुवमत्स्य, तुम्ही पिढीचा आकडा म्हणालात, तो कशासाठी? आणि ४०९६ चं नेमकं काय?

वैनतेय

४०९६ चं मी सांगते. ब्लॉक लेयरचा सेक्टर_टी नेहमी ५१२ बाइटांच्या एककात असतो, डिस्कचा ब्लॉक कितीही असो. तुम्ही तो तसाच एलबीए म्हणून पाठवताय, त्यामुळे प्रत्येक पत्ता आठपट पुढे पडतो. वाचतानाही तीच आठपट होते, म्हणून सुरुवातीला सगळं जुळल्यासारखं दिसतं. एक-अष्टमांशापुढे पत्ता क्षमतेबाहेर जातो आणि हेक्स ८०, म्हणजे एलबीए आऊट ऑफ रेंज, येतो. दुरुस्ती: बीएलके_आरक्यू_पॉस() ला (एलबीए शिफ्ट उणे ९) इतकं उजवीकडे सरकवा. ४०९६ साठी शिफ्ट १२, म्हणजे ३ बिट. अशा चुकीने लिहिलेल्या डिस्कवरचा डेटा दुरुस्तीनंतर जागेवर सापडणार नाही, नव्याने फॉरमॅट करा.

ब्लॉकची संख्या शून्यापासून मोजतात: ० म्हणजे एक ब्लॉक, ६५५३५ म्हणजे ६५५३६. म्हणून बाइट भागिले ब्लॉक, उणे एक. आता फ्लश रिक्वेस्टमध्ये डेटा शून्य असतो. तो याच फंक्शनमधून गेला तर शून्य उणे एक, यू१६ मध्ये ६५५३५. आरईक्यू_ओपीवर (रिक्वेस्टच्या प्रकारावर) स्विच करून फ्लशची कमांड वेगळ्या फंक्शनमध्ये बांधा.

डिस्कार्डही (हे ब्लॉक आता नकोत असं कार्डाला कळवणं) वेगळा. त्याच्या रेंज डेटा बफरमध्ये जातात, प्रत्येकी १६ बाइट: एलई३२ गुणधर्म, एलई३२ लांबी, एलई६४ एलबीए. कमांडमधली रेंजची संख्या शून्यापासून मोजतात, पण रेंजमधली लांबी सरळ मोजतात. इथे उणे एक केलंत तर प्रत्येक वेळी शेवटचा ब्लॉक डिस्कार्ड व्हायचा राहील आणि कुठेही एरर दिसणार नाही. या दोन मोजण्यांसाठी नावं वेगळी असलेली दोन छोटी इनलाइन फंक्शनं करा, हाताने उणे एक लिहू नका.

ध्रुवमत्स्य

पिढीचा आकडा: टॅग पुन्हा पुन्हा वापरले जातात. उशिरा आलेलं किंवा कार्डाने चुकून दोनदा पाठवलेलं कम्प्लीशन त्याच टॅगच्या नव्या रिक्वेस्टला लागू नये म्हणून १६ बिटांच्या आयडीत खालचे १२ टॅगला आणि वरचे ४ पिढीला देतात. दर पाठवणीला पिढी एकने वाढवा. कम्प्लीशनमध्ये जुळली नाही तर लॉगमध्ये नोंद करून ते सोडून द्या. २५५ टॅगना १२ बिट भरपूर. हे डीएमए_आरएमबी() ला पर्याय नाही, पण एफपीजीएतल्या चुका यातून फार लवकर सापडतात.

मेंदीकट्टा

मध्येच विचारतो, हेच टाइप यूएसबी डिस्कच्या ड्रायव्हरला चालतील का?

कऱ्हाकाठ

नाही. तिथे स्कझी (डिस्कसाठीचं दुसरं कमांड-मानक) कमांड असतात आणि त्या बिग-एंडियन. रीड(१०) चा ऑपकोड हेक्स २८, एलबीए बाइट २ ते ५, लांबी बाइट ७-८. सीमा नैसर्गिक नाहीत, म्हणून स्ट्रक्ट न करता यू८ चा अॅरे घ्या आणि पुट_अनअलाइन्ड_बीई३२() वगैरेंनी भरा. लांबी इथे सरळ मोजतात. एलबीए ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या ब्लॉकवर २ टेबीबाइटपुढे रीड(१६), हेक्स ८८, लागतो.

भीमथडी

परत मूळ विषयाकडे, राहिलेले टाइप.

क्यू_आरक्यू() (ब्लॉक लेयर ज्यातून रिक्वेस्ट देतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) चा परतावा बीएलके_स्टेटस_टी आहे, उणे ईआयओ वगैरे नेहमीचे एरर कोड तिथे नको. हाही बिटवाइज आहे, स्पार्स पकडेल. डीएमए मॅपिंगला तात्पुरती जागा नसेल तर बीएलके_एसटीएस_रिसोर्स द्या, ब्लॉक लेयर थोड्या वेळाने क्यू पुन्हा चालवतो. डेव्ह_रिसोर्स मात्र तेव्हाच, जेव्हा याच डिव्हाइसची एखादी चालू कमांड संपली की जागा नक्की सुटणार आहे. तशी कमांडच नसेल तर क्यू कायमची थांबू शकते.

पत्त्यांसाठी डीएमए_अॅड्र_टी. फिज_अॅड्र_टी नको, कारण आयओएमएमयू (डिव्हाइसचे मेमरी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू असला की दोन्ही आकडे वेगळे. डीएमए_मॅप_एसजी() ने परत दिलेली संख्या मूळ संख्येपेक्षा कमी असू शकते. पीआरपी बनवताना परत आलेली वापरा, अनमॅप करताना मूळची द्या. दोन्ही साठवा. एआरएम६४ कर्नल ६४ केबी पानांवर बांधलेला असू शकतो, म्हणून पीआरपीच्या हिशोबात पेज_साइझ नको, कार्डाचं ४०९६ स्थिरांक म्हणून घ्या. पीआरपी यादीच्या एका पानात ५१२ नोंदी मावतात.

वैनतेय

तपासणीसाठी क्यूईएमयूच्या (आभासी मशीन चालवणारं साधन) एनव्हीएमई डिव्हाइसला लॉजिकल ब्लॉक ५१२ आणि ४०९६ दोन्ही देऊन कमांड बांधणारा कोड चालवा (रजिस्टरांचा भाग बदलावा लागेल). फिओला (डिस्कवर ताण देऊन चाचणी करणारं साधन) व्हेरिफाय सीआरसी३२सी, ब्लॉक ४ केबी ते १ एमबी मिसळून. डिस्कचा शेवटचा ब्लॉक स्वतंत्रपणे लिहून वाचा. उणे एकची चूक तिथे हमखास दिसते.

सिंहगडरोड

शिफ्ट दुरुस्त केला, ४०९६ वर शेवटचा ब्लॉक नीट वाचला जातोय. शेवटचा प्रश्न: टाइमआउटच्या हँडलरमधून रिक्वेस्ट सरळ एररसकट पूर्ण करून टाकली तर चालेल?

ध्रुवमत्स्य

लगेच नको. टाइमआउट फक्त आपल्या घड्याळात झालाय. कार्डाकडे ते पीआरपी अजून आहेत आणि ते कोणत्याही क्षणी तिथे लिहू शकतं. रिक्वेस्ट पूर्ण केली की ती पानं दुसऱ्या कुणाला मिळतात. आधी कम्प्लीशन क्यू एकदा स्वतः तपासा, कदाचित इंटरप्ट हुकला असेल. नोंद तिथे सापडली तर ती नेहमीसारखी पूर्ण करून बीएलके_ईएच_डन परत करा. नसेल तर अॅबॉर्ट (आधीची कमांड रद्द करायला सांगणारी कमांड) पाठवून रीसेट_टायमर परत करा. पुन्हा टाइमआउट झाला तर कार्ड रीसेट करा, त्याचा डीएमए थांबल्याची रजिस्टरवरून खात्री करा, आणि मगच अनमॅप करून रिक्वेस्ट पूर्ण करा.