नाताळच्या सुट्टीत आई-बाबा आणि भाचरं येतायत, मॉल सोडून कुठे नेऊ?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. बुधवारी २४ ला संध्याकाळी कोयना एक्सप्रेसने आई-बाबा येतायत कराडहून, सोबत ताईची दोन्ही पोरं, भाची ९ वर्षांची आणि भाचा १३ चा. रविवारी २८ ला रात्री महालक्ष्मीने परत. म्हणजे हातात साडेतीन-चार दिवस.

गेल्या वर्षी मी शहाणपणा करून सगळ्यांना एका मॉलमध्ये नेलं होतं. सांताबरोबर फोटोसाठी सव्वा तास लाईन, नंबर आला तेव्हा सांता जेवायला गेला, भाची रडायला लागली, मग फूडकोर्टात खुर्च्या पकडण्यासाठी लोकांच्या डोक्यावर उभं राहायचं, दोन हजाराच्या वर बिल झालं आणि बाबांनी त्या पिझ्झ्याचा एक तुकडा खाऊन बाकीचा माझ्याकडे सरकवला. ट्रेनमध्ये एवढंच म्हणाले, "घरी पिठलं केलं असतं तर साडेआठला झोपलो असतो." अख्खं वर्ष ते वाक्य डोक्यात आहे माझ्या.

तर अडचणी अशा. बाबांचे गुडघे, फार चालणं नाही, जिने तर नाहीच. आई अंडं खात नाही, पण पोरांना केक हवाच आहे. भाचा मोबाईलमधून मान वर काढत नाही. आणि गिफ्टचं बजेट सगळ्यांचं मिळून ३००० च्या आत.

अजून एक. शेजारच्या काकू ख्रिश्चन आहेत, दर नाताळला ताट पाठवतात, आम्ही दिवाळीत फराळ देतो पण नाताळला आमच्याकडून काहीच जात नाही. आई म्हणतेय यावेळी मी असताना ताट तसंच परत करायचं नाही. काय द्यावं?

गिरगावकर_सध्या_विरार

खोताची वाडी. बास. मी तिथून दोन गल्ल्या सोडून वाढलो, आता विरारला फेकला गेलोय, पण नाताळात एक चक्कर असतेच. लाकडी जिन्यांची, पुढे व्हरांडा असलेली जुनी घरं आहेत, दारादारात चांदण्या लागतात, कुठे खिडकीत येशूजन्माचा गोठा मांडलेला दिसतो. पूर्वी साठेक घरं होती म्हणतात, आता निम्मीही राहिली नाहीत, त्यामुळे पोरांना दाखवायचं असेल तर आत्ताच दाखव. वाडी एवढीशी आहे, बाबांना फार चालावं लागणार नाही आणि रस्ता सपाट. फक्त एक, ती लोकांची राहती घरं आहेत, सिनेमाचा सेट नाही. मागे एक जण कुणाच्या तरी ओट्यावर चढून रील काढत होता आणि आतून आजी काठी घेऊन आल्या, मला जाम आनंद झाला.

मुलुंडहून स्लो पकडून सीएसएमटी, तिथून भुयारी मेट्रोने काळबादेवी सोडून पुढचं गिरगाव. ऑक्टोबर २०२५ पासून ही लाईन पार कफ परेडपर्यंत चालू झालीय, लिफ्ट आहेत, बाबांना बरं पडेल. वर आलात की विनयमध्ये मिसळ खा, आईला काही विचारायलाच नको.

आणि २५ लाच जायचं असेल तर फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल बघा. १७१८ च्या नाताळच्या दिवशीच ते सुरू झालं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जायचे त्याला चर्चगेट म्हणायचे, दरवाजा गेला, तट गेला, नाव स्टेशनला राहिलं. भाच्याला हे सांग, बघू मान वर करतो का.

स्लो_लोकल_८_१२

गिरगावकर, मेट्रोचं ठीक आहे हो पण सीएसएमटीला लोकलमधून उतरून मेट्रोपर्यंत चालायचं किती ते सांगितलं नाहीत. गुडघेवाल्या माणसाला स्टेशनबाहेर काढा आणि सरळ काळीपिवळीत बसवा, पाच जण आहात म्हणजे दोन कराव्या लागतील, तरी परवडेल.

राणीबागेचा विचार असेल तर २४ ला नका ठेवू, बुधवारी बंद असते. शुक्रवारी २६ ला सकाळी उघडताच जा, भायखळ्याला उतरून थोडंच अंतर आहे. पेंग्विन बघायला ९ वर्षांची पोरगी अर्धा तास काचेला नाक लावून उभी राहते, अनुभव आहे. दुपारी ११ नंतर गेलात तर माणसंच बघायला मिळतील.

रविवारी मेगाब्लॉक असतो हे विसरू नका! आदल्या दिवशी टाइमटेबल बघा. महालक्ष्मी रात्रीची आहे म्हणून वाचलात.

बोरिवली_वेस्ट_२

एक दिवस लोणावळा का नाही करत? हवा मस्त असते.

स्लो_लोकल_८_१२

नाताळच्या सुट्टीत लोणावळा?? अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला पण गाड्या अजून तिथेच अडकतात. बाबांचे गुडघे गाडीतच आखडतील.

कलिना_गावठाण

ताटाचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी ईस्ट इंडियन, आमच्या घरात मराठीच बोलतात, वळण थोडं वेगळं. नाव इंग्रजी वाटतं म्हणून लोक विचारतात तुम्ही मूळ कुठले, अरे आम्ही इथलेच, मुंबई-साष्टी-वसईचे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा हे नाव घेतलं, म्हणजे गोव्या-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळे ओळखू यावेत. आणि तुम्ही सगळे बिनधास्त 'नाताळ' म्हणता ना, तो शब्द पोर्तुगीज आहे, नाताल.

आता तुमच्या आईंसाठी, ताटातलं काय चालेल. नेवऱ्या म्हणजे तुमच्या करंज्याच, आत खोबरं किंवा रवा, त्यात अंडं सहसा नसतं. मिल्क क्रीम दूध, साखर आणि काजू आटवून साच्यात पाडतात, ते चालेल. पेरूचं चीज, नाव चीज असलं तरी पेरूचा गर आणि साखर, ते पण चालेल. कलकलचं, म्हणजे त्या तळलेल्या गोड शिंपल्यांचं, मात्र विचारा, काही घरांत पीठ नारळाच्या दुधात मळतात, काही घरांत अंडं घालतात, आमच्याकडे अंडं घालतात. थाळी स्वीट रवा-खोबऱ्याचं असतं, बघून वाटतं चालेल पण त्यात अंडी भरपूर. मार्झिपॅनमध्ये अंड्याचा पांढरा. प्लम केक तर सोडाच, त्यातल्या मनुका आठवडेच्या आठवडे रममध्ये बुडून बसलेल्या असतात, म्हणजे पोरांना देतानाही आधी काकूंना विचारा. विचारलं तर कोणाला राग येत नाही हो, उलट माझी मम्मी वेगळी प्लेट काढायची शाकाहारी शेजाऱ्यांची.

कलकल करायला पोरांना पाठवा काकूंकडे! आमच्याकडे २० तारखेपासून टेबलाभोवती सगळे बसायचे, पिठाची एवढीशी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबायची आणि गुंडाळून शिंपल्यासारखी करायची. काटे कमी पडले की नवा कंगवा. पप्पांच्या गोळ्या नेहमी जाड व्हायच्या आणि आतून कच्च्या राहायच्या, मम्मी त्या ओळखून वेगळ्या तळायची. मोबाईलवाल्या पोराचे दोन्ही हात पिठात गेले की मोबाईल आपोआप बंद.

उलट काय द्यायचं? विकतचं ड्रायफ्रूट नका देऊ, ते आमच्याकडे दहा डबे येतात आणि तेच फिरत राहतात. कराडहून आई येतायत तर काहीतरी हातचं द्या.

मुलुंड_पूर्व

बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं! आई डिंकाचे लाडू घेऊन येतेय, थंडीत करतेच ती. ते चालतील? थोडे कडक असतात, गेल्या वर्षी एकाने माझ्या मित्राच्या दाताची कॅप निघाली होती.

कलिना_गावठाण

धावतील. कॅपचं आधी सांगा फक्त 😄 आणि वांद्र्याला जाणार असाल तर संध्याकाळी जा, दुपारी काही दिसत नाही. हिल रोडला चांदण्या आणि गोठ्याच्या मूर्त्या मिळतात, पण २४ ला पाय ठेवायला जागा नसते. २६ नंतर तेच सामान निवांत बघता येतं आणि घासाघीस पण होते. आत रणवार गावठाणात, चॅपल रोडच्या गल्ल्यांत नाक्यावर क्रूस दिसतील, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. ३१ पर्यंत राहणार असता तर 'ओल्ड मॅन' पण दिसला असता, जुने कपडे आणि गवत भरून म्हातारा करतात, पोरं त्याच्या नावाने वर्गणी मागतात आणि रात्री १२ ला जाळतात, सरतं वर्ष गेलं म्हणून. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला एकदा माझ्या भावाची चांगली पँट घातली होती.

दोन_पोरांची_आई_ठाणे

गिफ्टबद्दल. १३ वर्षांच्या मुलाला वस्तू देऊ नका, चुकतेच. माझ्या मुलाला लॅमिंग्टन रोडला नेलं, एलईडी, बॅटरीचं खोकं, वायर, छोटं सोल्डरिंग, सगळं मिळून पाच-सहाशेत आलं, आणि घरी येऊन बांबूच्या काड्या नि पतंगाच्या कागदाची चांदणी केली त्याने, आकाशकंदिलाचाच प्रकार आहे, आजोबा असतील तर ते सांगतील गाठी कशा मारायच्या. चांदणी वाकडी झाली पण अजून गॅलरीत आहे. शनिवारी जा, रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात.

९ वर्षांच्या मुलीला डबलडेकर! सीएसएमटीच्या बाहेरून ११५ नंबरची एसी लाल बस मिळते, तिकीट १२ रुपयांपासून, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडली तरी चालेल. बाबा खाली बसतील. जुन्या डिझेलच्या डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाल्या तेव्हा माझे सासरे खरंच हळहळले होते, त्यांना ही नवी आवडत नाही, खिडकी उघडत नाही म्हणतात.

आईला काय द्यायचं ते आईलाच दादरला रानडे रोडला सोडून ठरवू द्या. तुम्ही निवडू नका.

गिरगावकर_सध्या_विरार

बाबांचं राहिलं. क्रिकेट बघतात का? रविवारी सकाळी ओव्हलवर नेऊन बसवा. एका बाजूला राजाबाई टॉवर नि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती, २०१८ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं सगळं. पण बाबा ते बघणार नाहीत, एकाच मैदानात एकमेकांत घुसलेल्या डझनभर मॅच बघतील. फुकट. निघताना पोरांना केक हवा असेल तर एखाद्या जुन्या इराण्याकडचा मावा केक, पण सकाळी लवकर, नंतर रिकामे ट्रे. आईंना नाही चालणार तो, अंडं असतं.

मुलुंड_पूर्व

सोमवार रात्र. मंडळी गेली काल, आज घर एकदम शांत आहे.

सगळं नाही झालं. वांद्रे राहिलं कारण २६ ला राणीबागेतच सगळे दमले (पेंग्विनसमोर अर्धा तास नाही, पाऊण तास!!). खोताची वाडी २५ ला दुपारी केली, दोन टॅक्सी करून. बाबा एका व्हरांड्यासमोर बराच वेळ उभे होते, मला वाटलं गुडघा दुखतोय, तर ते खांबाचं लाकूड बघत होते, सागवान आहे म्हणाले, आपल्या जुन्या घराला असंच होतं. व्हरांड्यात बसलेल्या आजोबांनी ऐकलं आणि मग दोघांची वाळवीवर वीस मिनिटं चर्चा. आम्ही चौघं रस्त्यावर उभे.

लॅमिंग्टन रोड शनिवारी. चांदणी झाली, पाचऐवजी सहा टोकांची झाली, कशी ते भाच्याला पण माहीत नाही. कराडला नेलीय गुंडाळून.

ओव्हलवर काल बाबा दोन तास बसले. एका पोराला ओरडून सांगितलं, पाय हलव पाय! त्याने पुढच्याच बॉलला चौकार मारला आणि बाबांकडे बघून बॅट वर केली. ट्रेन सुटेपर्यंत तेच चाललं होतं.

आता खरा प्रॉब्लेम. २४ ला रात्री काकूंचं ताट आलं, आईने २५ ला सकाळी त्यात लाडू भरून परत दिलं. काकूंना इतके आवडले की २७ ला त्यांनी नेवऱ्यांचा वेगळा डबा पाठवला, खास आईसाठी. नेवऱ्या संपल्या, डबा माझ्याकडे आहे. आई जाताना बजावून गेलीय की रिकामा द्यायचा नाही. लाडू शिल्लक नाहीत. मला मॅगीच्या पुढे काही येत नाही. काय घालू त्यात?

कलिना_गावठाण

साखर घाला चमचाभर. तुमच्यात पण तेच करतात ना.

दोन_पोरांची_आई_ठाणे

हो तेच करतात. आणि डबा घासून द्या, नुसता विसळून नाही.