‘सीमानियंत्रणाचे बाह्यीकरण’ : याला धड मराठी शब्द आहे का?

रेघोटी : एका लेखाचं भाषांतर करते आहे. श्रीमंत देश पैसे, बोटी, प्रशिक्षण देऊन निर्वासितांना अडवण्याचं काम वाटेतल्या देशांवर सोपवतात. त्याला ‘बाह्यीकरण’ असा शब्द सापडला, पण तो वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. काही सुचतंय का?

अनुस्वार : बाह्यीकरण म्हणजे भिंतीला बाहेरून गिलावा केल्यासारखं वाटतं. ‘मक्ता’ घ्या. ठरलेली रक्कम हातात पडली की मक्तेदार वसुली कशी करतो याची चौकशी कोण करतंय? २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानसाठी ६ अब्ज युरो कबूल केले. बदल्यात ग्रीक बेटांवर पोचलेल्यांना तुर्कस्तानने परत घ्यायचं.

काना-मात्रा : मक्त्यात मक्तेदार पैसे भरतो, इथे उलट आहे. ‘ठेका’ म्हणा हवं तर. पण खरी मेख क्रियापदात आहे. २००९ मध्ये इटलीने भर समुद्रात अडवलेल्या सोमाली आणि इरिट्रियन लोकांना आपल्याच जहाजांतून लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीला, नेऊन सोडलं. २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी ठरवलं. कर्ता उघडाच होता : इटलीने परतवलं. मग २०१७ मध्ये लिबियाशी करार झाला, इटलीने गस्ती बोटी दिल्या, तटरक्षकांना शिकवलं. आता वाक्य होतं ‘लिबियाने परत नेलं’. क्रिया तीच, किनाराही तोच, कर्ता तेवढा बदलला. बातमीत तर तोही गळतो : ‘इतक्या जणांना वाचवण्यात आले’. ती गस्ती बोट दिसताच लोकांनी पाण्यात उड्या टाकल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. जिच्या हाती लागण्यापेक्षा माणूस समुद्र पत्करतो, ती ‘वाचवते’ कशी? ‘धरलं’ म्हणा.

रेघोटी : पटलं. आणि धरल्यावर ठेवतात ती जागा? मी ‘छावणी’ केलंय.

अनुस्वार : छावणी नको, तिथे धान्य वाटत असतील असं वाटतं. ‘कोंडवाडा’! कोंडवाड्यातलं जनावर दंड भरल्याशिवाय सुटत नाही. लिबियात कोंडलेल्यांच्या घरी फोन लावतात, मारहाण ऐकवतात, मग पैसे मागतात. सुटून आलेल्या अनेकांनी हे सांगितलंय.

काना-मात्रा : चपखल आहे, पण माणसांना गुरं कोण समजतंय, यंत्रणा की लेखक, हे वाक्यातून कळायला हवं. मी साधं ‘कैदखाना’ लिहीन. जुलै २०१९ मध्ये त्रिपोलीजवळ ताजुराच्या अशाच जागेवर हवाई हल्ला झाला, पन्नासहून जास्त माणसं कोंडल्या जागी मेली. छावणीतून निदान पळता येतं.

वेलांटी : उशिरा आले, पण ‘परस्पर’ कुणालाच कसा आठवला नाही? करारांत ‘परस्पर सहकार्य’ असतं, म्हणजे एकमेकांत. बोलण्यात मात्र ‘त्याने पैसे परस्पर देऊन टाकले’ म्हणजे मध्ये मला न विचारता, माझ्या दारी न येता. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. १९५१ च्या निर्वासित करारातलं ३३ वं कलम म्हणतं, जिवाला धोका असेल तिथे कुणाला परत धाडू नका. पण माणूस दाराशी पोचला तर ना! आधीच परस्पर अडवला की अर्जच होत नाही, आणि नकार दिल्याचं बालंटही येत नाही. ‘परस्पर अडवणूक’ करून पाहा. अडवणुकीत नाडणंही आपसूक येतं.

रेघोटी : वेलांटीताई, हाच घेते. शीर्षकात संपादक ‘बाह्यीकरण’च ठेवतील, ते भांडण उद्या. ‘वाचवण्यात आले’ अकरा ठिकाणी निघालं, सगळीकडे ‘धरले’ केलंय. दोन ठिकाणी खरोखर वाचवलं होतं, मच्छीमारांनी. ती तेवढी राहू दिली.