मदत हवी आहे: शांग काळातल्या मद्यपात्रांवरचा चेहरा

नमस्कार मंडळी. शांघाय म्युझियममध्ये कांस्यपात्रांच्या दालनात तासभर काढून आले, आणि तेव्हापासून दोन डोळे पाठ सोडत नाहीत!

चीनमधल्या शांग राजवटीत (सुमारे इ.स.पू. १६००–१०४६) पूर्वजांना मद्य अर्पण करायची ही भांडी. तीन पायांचं, लांब चोचीचं ‘ज्युए’. तुतारीच्या तोंडासारखं पसरत गेलेलं उंच ‘कू’. १९७६ साली आनयांगला फू हाओ राणीची न लुटलेली कबर सापडली, तिच्यात तर घुबडाच्या आकाराची जोडपात्रंही होती. बहुतेकांवर एकच नक्षी: समोरासमोर उभे दोन प्राणी म्हणा, की मधोमध दुभंगलेला एक चेहरा म्हणा. वटारलेले डोळे, शिंगं, खालचा जबडा मात्र गायब. याला ‘थाओथिए’ म्हणतात. ओतकाम मातीच्या तुकड्या-तुकड्यांच्या साच्यात व्हायचं, म्हणून सांधा नेमका नाकावर येतो आणि तिथेच उभी कड काढून तो झाकतात. काय डोकं लावलंय!

आता अडचण. मला आपल्या देवळांतलं कीर्तिमुख आठवलं. तेही वटारलेल्या डोळ्यांचं, बिनजबड्याचं. पण दोघांत हजार-दीड हजार वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे थेट नातं जोडायला मन धजत नाही. मूर्तिशास्त्रवाल्यांनो, यावर कुणी नीट अभ्यास केलाय का? आणि ज्युएच्या काठावर ते दोन खुंट कशासाठी? गाळणीचं कापड अडकवायला, की पकडून उचलायला? मराठीत काही वाचायला असेल तर आधी तेच सुचवा.