रविवारच्या फेसाबद्दल

सी-२०४, रविवार, सकाळी ९.१०
सर्वांना नमस्कार. आज सकाळी आठच्या सुमारास सी विंगच्या जिन्यासमोर साबणाच्या पांढऱ्या फेसाचा थर पसरलेला होता. सासूबाई देवाच्या फुलांसाठी खाली उतरल्या आणि त्यांचा पाय घसरला. वॉचमनने वेळेवर हात धरला म्हणून पुढचे टळले. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन कधी झाले, हे या ग्रुपवर कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या गाडीचा हा फेस होता, त्यांनी कृपया स्वतः पुढे येऊन बोलावे.

बी-५०१, ९.१४
सर्वसाधारण सभेत ठरल्याप्रमाणे पार्किंगमधील नळाला नळी जोडून गाडी धुण्यास परवानगी नाही. एप्रिलमध्ये आपण रोज दोन टँकर घेत होतो आणि त्याचे पैसे गाडी असलेल्या आणि नसलेल्या सर्वांनी सारखेच भरले.

ए-७०२, ९.२६
वहिनी, गाडी माझी होती आणि चूक पूर्णपणे माझी आहे. फेस गटाराच्या जाळीकडे ढकलून जिन्यासमोरची फरशी कोरडी करण्याच्या आधी मी बादली आणायला वर गेलो, तेवढ्यात हे घडले. आजींना भेटायला मी संध्याकाळी येतो.
मात्र हा फेस हौस म्हणून मारलेला नव्हता, एवढे सांगू द्यावे. गाडी घेऊन आठ महिने झाले आहेत. रंग काळा आहे. समोरच्या बांधकामाची दगडी धूळ रोज रात्री तिच्यावर बसते आणि पहाटे तिच्यावरून ओले फडके फिरते. बॉनेटवर पार्किंगमधल्या ट्यूबलाइटचा उजेड पडला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. म्हणून नळीला जोडून शाम्पूचा फेस मारणारी फोम गन आणली.

सी-३०३, ९.३१
म्हणजे दोष गाडी पुसणाऱ्या मामांचा आहे. मी हे दिवाळीपासून सांगत आहे. सरळ माणूस बदलावा आणि हा विषय संपवावा.

बी-२०२, ९.३३
आजी सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. आमचा नातू खिडकीतून ती गाडी पाहून, पुण्यात बर्फ पडला म्हणून घरभर नाचत होता. त्याला अजून खाली जायचे आहे.

सी-२०४, ९.३५
काका, त्याला आज खाली पाठवू नका. फरशी अजून निसरडी आहे.

डी-१०१, ९.५२
मी सहसा या ग्रुपवर लिहीत नाही. पण मामांचे नाव आले म्हणून लिहितो. चिंचवडजवळच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये माझी सत्तावीस वर्षे गेली, तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो.
गाडीचा रंग आपल्याला एकच थर वाटतो, पण पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग असतो आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक त्याच्यामुळेच असते आणि रेघाही त्याच्यावरच उठतात. साध्या पाण्याने किंवा गाडीच्या शाम्पूने रेघ उठत नाही. ती उठते पृष्ठभागावर बसलेला कण दाबून ओढल्याने. आपल्याकडची धूळ काळ्या पाषाणाची आहे आणि ती त्या थराहून कितीतरी कठीण असते. त्या धुळीवरून फडके फिरवणे, मग ते ओले असो की कोरडे, हे पातळ पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे.
आणखी एक. त्या रेघा गोल दिसतात म्हणून मामांनी फडके गोल फिरवले, असा अर्थ कोणी काढू नये. रेघा सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच उजेड पकडतात, म्हणून दिव्याभोवती कडी असल्याचा भास होतो. दिवा हातात धरून सरकवून पाहा, कडीसुद्धा दिव्याबरोबर सरकते.
मामा पहाटे साडेपाचला येतात. त्यांच्याकडे एक बादली आणि एक फडके असते, आणि सात वाजायच्या आत बावीस गाड्या पुसायच्या असतात. ज्या फडक्याने चाके पुसली जातात, तेच पुढच्या गाडीच्या बॉनेटवर जाते. दुसरी बादली आणि वेगळे फडके आपल्यापैकी कोणी त्यांना दिले आहे का?

सी-३०३, ९.५८
काकांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की मी पैसे वेळेवर देतो. बादली पुरवणे हे माझे काम नाही.

बी-५०१, १०.०१
मूळ मुद्दा बाजूला पडत आहे. नळाला नळी जोडून गाडी धुण्यास परवानगी नाही. टँकरचे पैसे सर्वांनी भरले आहेत.

ए-४०५, १०.०५
गाडीला कव्हर घालावे, म्हणजे ना फेस लागेल ना पाणी. आम्ही चार वर्षे तेच करतो. रेन ट्रीखालची १४ नंबरची जागा आम्हाला मिळाली आहे, त्यामुळे पक्ष्यांचा प्रसादही आमच्याच वाट्याला येतो. ही जागा कशी वाटली गेली, त्याविषयी मी आज बोलत नाही.

डी-१०१, १०.११
कव्हर धुतलेल्या गाडीवर घातले तर उपयोग आहे. धुळीने भरलेल्या गाडीवर ओढले आणि वाऱ्याने ते हलत राहिले, तर फडक्याचे काम तेच करते. पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच काढावी, कारण ती आम्लयुक्त असते आणि उन्हात क्लिअर कोटमध्ये डाग सोडते. ओले कापड तिच्यावर दोन मिनिटे ठेवावे, मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, घासू नये.

सी-२०४, १०.१६
हे सगळे समजले. मला फक्त एवढे सांगा की फेस मारल्याने नेमके काय साधते? आमच्याकडे कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने गाडी धुतात आणि ती स्वच्छच दिसते.

ए-७०२, १०.३४
वहिनी, फेसाचे काम गाडीला हात लावण्याआधीचे आहे. आधी साध्या पाण्याने सुटी धूळ खाली पाडायची. मग फेस मारायचा आणि चार-पाच मिनिटे तसाच ठेवायचा. फेस चिकटून राहतो, त्यामुळे शाम्पू मळात मुरायला वेळ मिळतो, कण सुटतात आणि फेसाबरोबर खाली ओघळतात. आज दाराच्या खालच्या कडेला पाहिले, तर वर पांढरा असलेला फेस तिथे चहासारखा तपकिरी होऊन ठिबकत होता. ती सगळी धूळ पूर्वी फडक्याखाली सापडत होती. फेस वाळू द्यायचा नसतो, म्हणून उन्हात किंवा गाडी तापलेली असताना हे करायचे नाही. मी सकाळी करतो त्याचे कारण तेच.
त्यानंतर हात लावायचाच आहे, कारण नुसत्या फेसाने चिकटलेला थर पूर्ण निघत नाही. पण आता मायक्रोफायबरचा हातमोजा वरून खाली, सरळ रेषेत, न दाबता फिरवायचा. बादल्या दोन असाव्यात, एकीत शाम्पू आणि दुसरीत मोजा खळबळायला साधे पाणी. चाकांचे कापड वेगळे, कारण तिथे ब्रेकमधून निघालेले लोखंडाचे बारीक कण असतात. पावडरीने गाडी स्वच्छ होते हे खरे, परंतु ती तीव्र असल्याने रंगाच्या रक्षणासाठी लावलेला वॅक्सचा थरही निघून जातो.

बी-५०१, १०.३८
आणि पाणी? त्याचा हिशेब कोणीच देत नाही. नळाला नळी जोडण्यास परवानगी नाही.

ए-७०२, १०.४९
काका, हिशेब देतो. बागेची नळी उघडी सोडली तर मिनिटाला दहा लिटरच्या वर पाणी सहज जाते आणि आज माझ्याकडून तेच झाले, कारण ही गन नळीवरच चालते. माझ्या भावाकडे बादलीतून पाणी ओढणारा छोटा प्रेशर वॉशर आहे, तो मिनिटाला साधारण सहा लिटर घेतो. सुरुवातीचे आणि शेवटचे धुणे मिळून पाच मिनिटे धरली, तर तीस लिटर होतात. हातमोज्याच्या दोन अर्ध्या बादल्या धरून पन्नास लिटरच्या आत गाडी होते, तीही आठवड्यातून एकदा. फेसासाठी हाताने पंप मारायचा दोन लिटरचा डबा मिळतो. त्याचा फेस गनसारखा दाट येत नाही, पण नळाची गरजच उरत नाही.

बी-५०१, १०.५७
बादलीला ठरावात मनाई नाही, हे मी मान्य करतो. ठराव मीच मांडला होता, म्हणून तो मला पाठ आहे. पण बादली बोअरच्या नळावर भरावी, पिण्याच्या नळावर नाही.

डी-१०१, ११.०२
बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. चालेल, पण शेवटी गाडी आपोआप वाळू देऊ नये, नाहीतर थेंबाथेंबाचे पांढरे ठिपके राहतात आणि पुढे ते घासूनही निघत नाहीत. जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पसरून हलकेच ओढून घ्यावा. पडलेल्या रेघा पॉलिशने कमी होतात, परंतु प्रत्येक पॉलिशमध्ये तो पातळ थर थोडा घासला जातो, म्हणून पुनःपुन्हा करण्याची ती गोष्ट नव्हे.

सेक्रेटरी, ११.२०
सर्वांचे निरोप वाचले. पुढील सभेपर्यंत तात्पुरती व्यवस्था अशी राहील. गाडी फक्त मागच्या जाळीजवळच्या उतारावर धुवावी, जिन्यासमोर नाही. पाणी बोअरचे आणि बादलीने घ्यावे. धुणाऱ्याने फरशी कोरडी केल्याशिवाय जागा सोडू नये. मामांसाठी दुसरी बादली आणि चाकांसाठी वेगळी फडकी सोसायटीच्या खर्चातून उद्याच आणतो. धुळीने भरलेल्या गाड्या त्यांनी रोज न पुसता फक्त काचा पुसाव्यात, असे ज्यांना हवे असेल त्यांनी त्यांना स्वतः सांगावे; त्यांचे पैसे मात्र कापू नयेत.

सी-३०३, ११.२४
रोज फक्त काचाच पुसायच्या असतील, तर पैसे पूर्ण का द्यायचे, हा प्रश्न मी सभेत मांडणार आहे.

डी-१०१, ११.२६
अवश्य मांडावा. मीही तिथे असेन. पुढच्या रविवारी प्रयोग माझ्या जुन्या गाडीवर करा, तिला बारा वर्षांच्या रेघा आहेत. मामांनाही बोलावू, म्हणजे मोजा कसा धरायचा ते त्यांना दाखवता येईल.

सी-२०४, ११.३१
साडेसातला मी खाली येते. पाणी जिन्याकडे वळलेले दिसले, तर मी तिथेच थांबवीन. आणि ए-७०२, संध्याकाळी सहानंतर या, सासूबाई तोवर झोपलेल्या असतात.